वकीलसाहेबांचा पूल आणि माझा नळ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "वानखेडेकाका, कारखाना उभा राहत होता तेव्हाचं काहीतरी लिहा. तुमचा वाटा काय होता ते येऊ द्या." मी म्हटलं, "माझा वाटा एका ओळीत मावतो. मी भिलाईत एक पूल केला आणि तो कुठंच नाही." ते हसले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "मग तेच लिहा, पण जरा वाढवून."

वाढवून सांगणं ही माझी जुनी खोड. त्या खोडीपायीच तो पूल गेला.

तुम्ही म्हणाल, रेल्वेलाइनीवर पूल तर आहेत. आहेत ना. मोठे आहेत, गाड्यांचे आहेत. स्मृतिनगरातून नातवाच्या स्कूटरवर मागे बसून मीही त्यांच्यावरून जातो, डोळे मिटून. मी म्हणतो तो पूल पायी चालणाऱ्यांचा होता. कॅम्प-१ या मजूरवस्तीतल्या आमच्या खोल्यांच्या ओळीपासून निघून लाइनीच्या पलीकडे उतरणारा. आणि त्याच्यावर एक बाई उभी होती.

आधी धंदा सांगतो, म्हणजे गुन्हा कळेल. मी एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. इंजिनिअर विचार करतो, ड्राफ्ट्समन कागदावर पेन्सिलीनं काढतो आणि ट्रेसर त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून शाईनं गिरवतो. त्या गिरवलेल्यावरून मग हव्या तेवढ्या प्रती निघतात. गिरवणाऱ्यानं विचार करायचा नसतो. हे मला आमचे हेड ड्राफ्ट्समन बोसबाबू यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की तिसऱ्याच आठवड्यात, मूळ कागदावर एक डास चिरडून चिकटला होता, तोही गिरवला. छान गोल, रिव्हेटसारखा. प्रिंट साइटवर गेलं. फिटर तिथं भोक पाडायला निघाला, तेवढ्यात कुणाला तरी शंका आली. बोसबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वानखेडे, भिलाई में सब को नौकरी मिला, तुम मच्छर को भी दे दिया."

त्या चुकीत मी डोकं वापरलं नव्हतं. पुलाच्या चुकीत वापरलं. ती जास्त जड गेली.

ट्रेसिंगचं कापड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, कारण ते गेलं. तलम सुती कापड, निळसर, त्याला अशी खळ दिलेली की काचेसारखं चकचकायचं. आधी खडूची पूड चोळायची, नाहीतर शाई धरायची नाही. घामाचा थेंब पडला की पांढरा फोड. चैत्र-वैशाखात आम्ही मनगटाला रुमाल बांधून बसायचो, हात मोडल्यासारखे. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडनं हलकेच खरवडायची आणि वरून नखानं घासायचं. वरवर पाहता जागा साफ दिसते, पण कापड उजेडासमोर धरलं की तिथं काय होतं ते उमगतं. आणि फारच बिघडलं तर कापड घरी. कोमट पाण्यात भिजवलं की खळ सुटते, शाई जाते आणि उरतं ते लोण्यासारखं मऊ कापड. आमच्या ऑफिसातली निम्मी लेकरं त्या कापडाच्या झबल्यांत वाढली. माझा थोरला कोळशाच्या बंकरच्या ड्रॉइंगमध्ये वाढला, असं मी अजून म्हणतो.

त्या वेळी पहिली भट्टी पेटून दोनतीन वर्षं झाली होती. दूर स्लॅग, म्हणजे भट्टीची तापलेली मळी, ओतली की संध्याकाळचं आभाळ दुसऱ्यांदा तांबडं व्हायचं आणि आमच्या ओळीतली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघायची. रोज तेच, तरी रोज बघायची. आम्ही बहुतेक भंडारा, गोंदिया, नागपूरकडचे. नांगर सोडून आलेले. माझं घर, म्हणजे पत्र्याची खोली, सरकारी नळाजवळ. त्या बाजूच्यांना 'नळाकडचे' म्हणायचे. कॅम्पच्या दुसऱ्या टोकाला लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. तिथले ते 'टालाकडचे'. दोन्हींच्या मध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर. पण माणसाला वेगळं व्हायचं असलं की पाच मिनिटं रग्गड होतात.

लाइनीच्या अलीकडे कॅम्प आणि पलीकडे कारखान्याच्या वसाहतीचे नवे सेक्टर. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, भाजी विकत घेणारी क्वार्टरं पलीकडे. मधल्या रुळांवर नंदिनीच्या खाणीकडून आलेल्या चुनखडीच्या वॅगनी तासन् तास उभ्या. फाटक होतं, पण लांब. माझ्याकडे सायकल, मी फाटकानं जायचो. बाकीचे वॅगनीखालून.

ती विद्या सगळ्यांत चांगली भागाबाईला येत होती. भागाबाई तुमसरकडची. नवरा कारखान्यात खलाशी, म्हणजे वजनं उचलणाऱ्या टोळीत, आणि ती स्वतः वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन सेक्टरात फिरायची. आधी तळहात वॅगनीच्या चाकावर ठेवायची. चाक थरथरत असलं की थांबायचं. थंड आणि गप्प असलं की आधी टोपली सरकवायची, मग आपण वाकायचं, मग पलीकडून मागच्या बाईला हाक द्यायची, "ये वो, कावून थांबली?" तिच्या त्या हाकेवर बायका निर्धास्त जात. तिची अकरा वर्षांची मुलगी कुसुम पाटी-दप्तर पोटाशी धरून रोज तशीच शाळेला जायची. हुशार होती. माझ्या घरी येऊन माझ्या स्केलपट्टीवरचे आकडे मोठ्यानं वाचायची.

निवडणूक आली आणि वकीलसाहेब आले. दुर्गचे. उंच, पांढरं धोतर, बोलणं गोड. त्यांच्या प्रत्येक भाषणात पूल. "माझ्या आयाबहिणी वॅगनीखालून रांगतात, ही काय स्वराज्याची चाल झाली?" नळाकडचे टाळ्या वाजवत, टालाकडचेही वाजवत. एके दिवशी जीप आमच्या ओळीत थांबली. त्यांनी विचारलं, "इथं नकाशे काढणारं कोण आहे?" लोकांनी मला पुढे ढकललं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं म्हणजे कुणीच ढकललं नव्हतं.

"वानखेडे," ते म्हणाले, "लोकांचे कान किटलेत. डोळ्यांना काहीतरी द्या. एक पूल काढा, छानसा. नुसता पूल हं. आजूबाजूचं काही नको. झाड नको, घर नको, काही म्हणजे काही नको."

मी मान हलवली. पण घरी येऊन कागद पसरला तेव्हा जिवाला चैन पडेना. नुसता पूल म्हणजे पत्ता नसलेली लग्नपत्रिका. पूल कुठं चढतो, कुठं उतरतो? माझ्यासारख्या कसबी माणसाच्या हातून असलं अधांतरी काम जावं? आयुष्यभर दुसऱ्याचं गिरवलं होतं, हे पहिलं माझं स्वतःचं ड्रॉइंग. तेव्हा मी पायऱ्या नळाशी उतरवल्या. नळ काढला. नळाची गळकी तोटी काढली. तोटीला बांधलेली चिंधीसुद्धा काढली. आणि ड्रॉइंगचा नियमच असतो, उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक माणूस उभा करायचा. तर मी भागाबाईला उभं केलं.

"काय करून राहिला गा भाऊ?" टोपली डोक्यावर घेऊन नळाशी उभी राहून तिनं विचारलं.

"तुमाले पुलावर चढवून राहिलो. हलू नका."

"किती वेळ? माये वांगे सुकून राहिले ना."

"पूल म्हणजे काय दोन मिनिटाचं काम हाये का?"

"मंग नथनी बी काढ. पुलावर चढाची तं नथनी पायजे."

मी नथनी काढली. तीन सूत, म्हणजे नखाएवढ्या जागेत नथनी! बोसबाबूंनी तेवढ्यासाठी तरी पाठ थोपटायला हवी होती.

रविवारच्या बाजारात दुपारी सभा झाली. ट्रेसिंग माझ्याकडेच होतं. त्याचं मोठं प्रिंट प्लायवूडवर चिकटवून मंचाशेजारी उभं केलं होतं. लोक आधी लांबून बघत होते, मग जवळ आले, मग बोटं लावू लागले. बायकांनी टोपली ओळखली. "अवो भागा, हे तूच ना वो!" भागाबाईनं तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "हो, मीच हाये ते." कुसुमनं पायऱ्या मोजल्या. एका बाजूला बेचाळीस, दुसऱ्या बाजूला बेचाळीस. बरोबर भरल्या म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. माझ्या आयुष्यात त्याहून मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलं नाही.

मग टालाकडचे मिसिरजी पुढे आले. टालेशेजारी त्यांचं चहाचं दुकान होतं आणि त्या टोकाला त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "ये नल कौन सा है?"

मी अभिमानानं म्हणालो, "अपने वाला. चिंधी देखिए."

"अच्छा. तो पुल नल पे उतरेगा." ते आपल्या माणसांकडे वळले. "और टाल का आदमी? उड़ के जाएगा?"

कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, "नळाकडच्यांचा पूल आहे तो." मंचावर वकीलसाहेब बोलत होते, हात हवेत होता. तो हात तिथंच राहिला आणि त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. डास सापडल्यावर बोसबाबूंनी पाहिलं होतं ना, तसंच. मला वाटलं, नथनी आवडली असावी.

ते निवडून आले. गुलाल पडला, हार पडले. मला विजयाचा चहा मिळाला, तोही मिसिरजींच्या दुकानातला आणि बिनसाखरेचा.

त्यानंतर पूल कसा विरत गेला, ते मी कान देऊन ऐकलंय. निवडून आल्यानंतरच्या पहिल्या भाषणात ते म्हणाले, "पूल होणारच." पुढच्या खेपेला, "पूल आणि इतर कामं." मग, "इतर कामं." आणि शेवटी नुसतंच, "कामं चालू आहेत." कुणी ओरडलं नाही, कुणी पुतळा जाळला नाही. पूल पडला असता तर आवाज तरी झाला असता.

लोक वकीलसाहेबांना ओळखत होते, पण भागाबाई मला ओळखत होती. तिच्या हिशेबानं पूल माझा. नळावर गाठ पडली की, "भाऊ, मी कवाची चढून राहिली, आता उतरव ना गा." मी म्हणायचो, "होऊन राहिलं, होऊन राहिलं." ती हसायची, मी हसायचो. खोटं कशाला बोलू, तिनं विचारलेलं मला आवडायचं. दिवसभर दुसऱ्याच्या रेघा गिरवणाऱ्याला संध्याकाळी कुणीतरी पुलाचा मालक समजतं, हे काय थोडं झालं?

मग पावसाळा सरता सरता धुक्यातली एक सकाळ आली. कुसुमनं चाकावर हात ठेवला होता की नाही, तिलाच आठवत नव्हतं. ती वॅगनीखाली असताना इंजिनानं धक्का दिला. ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, तो खडखडाट गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावत जातो. पोरगी शहाणी, दोन रुळांच्या मध्ये पालथी पडून राहिली. चाकं हातभर सरकून थांबली. तिला ओरखडाही आला नाही. पाटी मात्र चाकाखाली गेली. भागाबाईनं तिला बाहेर ओढलं, आधी दोन थोबाडीत दिल्या, मग पोटाशी धरून तिथंच गिट्टीवर बसून राहिली. त्या दिवशी मेथी तशीच घरी आली.

"पूल होत नाई तवर शाळा नाई," तिनं सांगितलं.

भागाबाईच्या दिराला पलीकडे सेक्टरात क्वार्टर मिळालं होतं. भला माणूस. तो येऊन म्हणाला, "वहिनी, पोरीले आमच्याकडं ठेव. शाळा दारात हाये." भागाबाई रात्रभर विचार करून सकाळी माझ्या दारात आली. या वेळी हसत नव्हती.

"भाऊ, खरं सांग. पूल कवा होईन? दोनचार महिन्याची गोष्ट असन तं पोरीले दुसऱ्याच्या घरी कायले ठेवू? दूर असन तं आजच पाठवतो."

मला काहीही माहीत नव्हतं. 'मले ठाऊक नाई' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत होऊन जाईन."

तिनं कुसुमला घरीच ठेवलं.

दिवाळी आली आणि गेली. पाडव्यानंतर मी सायकल काढली आणि दुर्गला वकीलसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, चिवडा दिला, लाडू दिला. वाईट माणूस असता तर मला सोपं झालं असतं. मी पुलाचं विचारलं.

"वानखेडे, पुलाबद्दल विचारायला आलेले तुम्ही पहिले."

"मग लोकांना पूल नको आहे असं समजायचं का, साहेब?"

"हवा आहे हो. पण हवा असणारा मत देतो आणि घरी जाऊन वाट बघतो. ज्याला नको असतो तो माझ्या दारात येतो. टालाकडचे आजपर्यंत सात वेळा आले. या इथंच बसले होते, तुमच्या जागी."

"पण त्यांनाही आधी हवाच होता की."

"आधी तो सगळ्यांचा होता, कारण तो कुठंच नव्हता." त्यांनी लाडूची बशी माझ्याकडे सरकवली. "मी म्हटलं होतं, नुसता पूल काढा. तुम्ही नळ काढलात. आता नळाशी म्हणालो तर टाल रुसते, टालाशी म्हणालो तर नळ रुसतो. मधोमध म्हणालो तर दोघं रुसतात. गप्प बसलो तर कुणीच रुसत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

"मग साहेब, होत नाही म्हणून एकदा सांगून तरी टाका. लोक वाट बघताहेत."

"'नाही' म्हटलं की पुन्हा 'हो' म्हणायची सोय राहत नाही." ते हसले, पण त्यात मजा नव्हती. "असं करा, तो नळ खोडून ठेवा. पुढच्या वेळी लागेल."

परतताना सायकल जड लागत होती. वाटलं, घाई करावी, सरळ भागाबाईच्या दारात जावं आणि सांगावं: बाई, पूल नाही, पोरीला दिराकडे पाठव. शाळेचं वर्ष अजून हातात होतं. कॅम्पाजवळ आलो. ती नळावर भांडी घासत होती, पाठमोरी. मी सायकलवरून उतरलो आणि टालाच्या बाजूनं वळसा घालून घरी गेलो.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी पहाटे भरायला लागलो. कधी समोर आलीच तर "ड्यूटीची घाई" म्हणायचो. तीही मग विचारीनाशी झाली. लोकांना वाटतं, मुद्दा सोडून द्यायचा तर काही मोठं कारस्थान लागतं. मला विचारा. आपल्याच चुकीची लाज लागते आणि दुसरा रस्ता लागतो, बस्स. वकीलसाहेबांना निदान सात वेळा दारात आलेल्यांचं भय होतं. मला एका बाईचं होतं, आणि ती मला भाऊ म्हणायची.

होळीनंतर दिराची बदली नंदिनीच्या खाणीवर झाली. क्वार्टर सुटलं. कुसुम घरीच राहिली, भाजी निवडायला लागली, पुढे आईबरोबर टोपली घेऊन फिरायला लागली. शाळेच्या फाटकावरून रोज जायची ती, पण मेथी घेऊन.

नळ मी खोडला. एका रविवारी, नवं ब्लेड लावून. आधी चिंधी, मग तोटी, मग नळ. मग लक्षात आलं की शेवटच्या पायरीवर नळाकडे तोंड करून उभी असलेली भागाबाई आता उगाच कुठंतरी बघतेय असं दिसतं. आणि तिला पाहिलं की आमच्या ओळीतलं पोरही सांगेल, हा नळाकडचा पूल. म्हणून तिलाही खरवडली. सगळ्यांत शेवटी नथनी. दहा मिनिटांचं काम, मला दुपार लागली.

पुढे मलाही पलीकडे क्वार्टर मिळालं. मग तर वळसा घालायचंही कारण उरलं नाही.

पाच वर्षं झाली. निवडणूक आली, वकीलसाहेब आले. मी ट्रेसिंगची गुंडाळी काखेत मारून कॅम्पात सभेला गेलो. जुना मुद्दा निघेल, माझा पूल निघेल, या वेळी तरी. वकीलसाहेबांनी भाषण केलं ते झोपड्यांच्या पट्ट्यांवर, म्हणजे जागेच्या कागदांवर. "ज्याची झोपडी त्याला पट्टा!" नळाकडून टाळ्या, टालाकडून टाळ्या. मी त्यांना मंचामागे गाठून गुंडाळी पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पट्ट्याचं बरं असतं, वानखेडे. ज्याचं त्याच्या दारात. कुणी रुसत नाही."

मी वळलो तर समोर भागाबाई. केस कानशिलांवर पांढरे. मागे कुसुम, पोटुशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा दुर्गला रेल्वेत गँगमन होता.

"भाऊ, पुलाचं हाये का ते? दाखव ना."

पळायला जागा नव्हती. मी उलगडलं. तिनं कापड दोन्ही हातांनी उन्हासमोर धरलं. पूल अजून काळाभोर होता, रेघ न् रेघ. तिचं बोट पायऱ्यांवरून उतरत खाली आलं आणि खरवडलेल्या जागी थांबलं. उन्हात ती जागा पांढुरकी दिसत होती, माणसाएवढी. म्हणजे माझ्या मापात माणसाएवढी.

"मी कुठं गेली?"

"खोडली."

"कावून?"

मी सगळं सांगितलं. नळ, मिसिरजी, ओसरी, लाडू. पहाटेचं पाणीसुद्धा. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तुले कवा समजलं, का नाई होत म्हणून?"

"त्या दिवाळीत. पाडव्यानंतर."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. फागुनात गेला दीर." चौथ्या पेरावर अंगठा ठेवून ती म्हणाली, "चार महिने ते क्वार्टर तिथंच होतं, भाऊ. पोर एकदा तिथं रमली असती तं दिरानं नंदिनीले बी नेली असती शाळेत."

तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मागून कुसुम हळूच म्हणाली, "जाऊ दे ना आई. बेचाळीस पायऱ्या होत्या, कोण चढलं असतं रोज?" आणि हसली. तसंच, पायऱ्या बरोबर भरल्यावर हसली होती तसं.

भागाबाई कापड चिमटीत धरून चोळत होती. मग म्हणाली, "तुयी बायको सांगे, हे धुतलं का मऊ निघते म्हणून. खरं हाये का?"

"हो."

"मंग दे. तुया कोणत्या कामाचं हाये आता?"

मी दिलं.

कुसुमला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती सासरी निघाली त्या सकाळी माझी बायको आणि मी निरोप द्यायला कॅम्पात गेलो. दुर्गची बस पलीकडून. रुळांवर चुनखडीच्या वॅगनी उभ्या. बाळाच्या अंगात झबलं होतं. भागाबाईनं घाईत भिजवलं असावं. खालच्या काठाशी कठड्याच्या चार फिक्या रेघा राहिल्या होत्या. आणि जिथं मी ब्लेड चालवलं होतं, तिथं कापड विरलं होतं. त्या जागी तिनं आपल्या लुगड्याचा हिरवा तुकडा लावला होता, बारीक टाक्यांनी.

भागाबाईनं तळहात चाकावर ठेवला. मग टोपली सरकवली, मग स्वतः वाकून गेली. माझ्याकडे बाळ देऊन मागून कुसुम गेली. माझी बायकोही गेली, जन्मभर येत असल्यासारखी. अलीकडे मी उरलो, माझ्या हातात बाळ.

इतकी वर्षं त्या लाइनीकाठी राहून मी कधी वॅगनीखालून गेलो नव्हतो. मला सायकल होती, मला फाटक होतं. मी वाकलो, बाळाला पोटाशी घेतलं आणि दुसरा हात चाकावर ठेवला. थंड होतं. थरथर होती ती माझ्याच हाताची असावी, पण कळेना, म्हणून तसाच बसून राहिलो.

पलीकडून हाक आली.

"ये ना गा भाऊ. कावून थांबला?"